मनगटावर काय बांधावं: टेक्निकल डायव्हिंगसाठी कंप्युटर की बॉटम टायमर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हौशी डायव्हिंगचा पुरेसा अनुभव आहे, मनगटावर नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) चालणारा साधा डायव्ह कंप्युटर आहे, आणि दोन महिन्यांनी डेकोचा (डिकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना ठरलेल्या खोलींवर थांबून शरीरात साठलेला वायू बाहेर जाऊ देण्याचा) व त्यापाठोपाठ ट्रायमिक्सचा (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणाचा) कोर्स सुरू होतोय. काही जण सांगतात, सरळ ट्रायमिक्सचा मोठा कंप्युटर घ्या. काही सांगतात, दोन बॉटम टायमर (खोली आणि वेळ दाखवणारी, डेकोचं गणित न करणारी यंत्रं) आणि हातानं लिहिलेले तक्ते पुरेत, कंप्युटरमुळे माणूस विचार करायचं सोडून देतो. ऐकायचं कुणाचं, आणि जुन्या कंप्युटरचं काय करायचं?

आधी उत्तर देतो. ट्रायमिक्स आणि ग्रेडियंट फॅक्टर (डेको किती सावधपणे करायचा हे ठरवणारे दोन आकडे, पुढे समजावतो) चालणारा एक चांगला कंप्युटर घ्या. त्याच गणिताचा दुसरा कंप्युटर जमेल तेव्हा घ्या. तोवर बॉटम टायमर आणि खिशातल्या वहीत लिहिलेला डेकोचा तक्ता हा तुमचा दुसरा आधार. मी दोन्ही पद्धतींनी बरीच वर्षं पाण्यात उतरलोय आणि दोन्ही शिकवल्या आहेत. कुठलंही यंत्र निवडताना मी स्वतःला एकच विचारतो: हे बंद पडलं, तर त्या मिनिटाला माझ्या हातात काय उरेल?

हा प्रश्न मला एका डायव्हनं शिकवला. चोपन्न मीटरवरचं जहाज होतं, तळाशी बावीस मिनिटं झाली होती. वर येताना छत्तीस मीटरच्या आसपास मनगट डोळ्यांसमोर आणलं, तर काच काळी. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. काही नाही. सकाळी बॅटरी अर्धी दिसत होती आणि मी ती तशीच चालवून घेतली होती. डाव्या हातावर बॉटम टायमर होता: ३६.२ मीटर, २४ मिनिटं. मांडीवरच्या खिशातून वही काढली. जाड हातमोज्यांत पान उलटायला जेवढा वेळ लागला, तेवढाच काय तो गोंधळ. पानावर तीन रकाने होते: ठरलेला डायव्ह, पाच मिनिटं जास्त राहिलो तर, आणि तीन मीटर खोल गेलो तर. पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं, बडीला (जोडीदार डायव्हरला) दाखवलं, त्यानं स्वतःचा कंप्युटर माझ्याकडे वळवून धरला. पहिला स्टॉप चोवीस मीटरला, दोन्हीकडे एकच. पुढची सगळी चढण नेहमीसारखी झाली. नंतर बोटीवर बसल्यावर मात्र माझे हात थरथरत होते, कारण त्याच्या आदल्या महिन्यात दोन डायव्हज मी तक्ता न लिहिताच केल्या होत्या.

म्हणून बॉटम टायमरवाल्यांचं म्हणणं मी कधीच उडवून लावत नाही. बॉटम टायमर खोली, वेळ, कमाल खोली, आणि चांगल्या टायमरमध्ये शून्यावर आणता येणारी सरासरी खोली व स्टॉपवॉच दाखवतो. बस. त्यात चुकीचं सेटिंग करायला फारशी जागाच नसते, बॅटरी पुष्कळ टिकते, आणि स्टॉप चुकला म्हणून तो तुमच्यावर रुसून बंद होत नाही. काही साधे कंप्युटर डेकोचा स्टॉप मोडला की एक-दोन दिवसांसाठी गणित बंद करून टाकतात. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला माहिती सर्वांत जास्त हवी, त्याच क्षणी ते हात वर करतात. टेक्निकल डायव्हिंगच्या कंप्युटरनं असं कधीही करता कामा नये. खरेदीच्या वेळी माहितीपुस्तिकेत सगळ्यात आधी हेच शोधा.

सरासरी खोलीचं महत्त्व नव्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. पृष्ठभागावर तुम्ही मिनिटाला वीस लिटर श्वास घेत असाल, तर सरासरी ४५ मीटरवर दाब साडेपाच बार, म्हणून मिनिटाला ११० लिटर. दहा मिनिटांत ११०० लिटर जायला हवेत. तुमच्या जोड सिलिंडरमधून किती बार कमी व्हायला हवा होता, हे तुम्ही दाबमापकाचा काटा बघण्याआधी सांगू शकलात, तर गळती, वाढलेला श्वास किंवा अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह तुम्हाला काटाच सांगेल. ही सवय बॉटम टायमरवर वाढलेल्या लोकांत हमखास दिसते. ती कंप्युटर घेतल्यावरही सोडायची नसते.

पण निव्वळ टायमर आणि तक्ता यांची मर्यादाही तितकीच खरी आहे. तक्ता समजतो की तुम्ही उतरलात ते थेट कमाल खोलीवर आणि पूर्ण वेळ तिथेच थांबलात. खरा डायव्ह तसा नसतो. जहाजाच्या डेकवर दहा मिनिटं, मग खाली, मग पुन्हा वर. सरासरी खोलीवरून मनात डेको मांडायची पद्धत आहे, ती मी शिकलोही आहे, पण पन्नास मीटरवर, थंडीत, प्रवाहाशी झगडून कार्बन डायऑक्साइड वाढलेला असताना डोकं नेमकं हेच गणित चुकतं. आणि चूक झाली हे त्याच डोक्याला कळत नाही. सलग पाच दिवस दोन-दोन डायव्हज असतील, तर शरीरात साठत गेलेल्या वायूचा हिशेब तक्त्याला ठाऊकच नसतो. कंप्युटर दर काही सेकंदांनी दाब मोजतो आणि हिशेब पुढे चालवतो. हे काम यंत्राचंच आहे. माणसानं त्यात यंत्राशी स्पर्धा करू नये.

आता ते गणित. इथं जरा थांबून समजून घ्या, कारण निवडीचं मर्म इथंच आहे. आज टेक्निकल डायव्हिंगच्या बहुतेक कंप्युटरांत झुरिचचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमन यांचं गणित चालतं. शरीराऐवजी सोळा काल्पनिक ऊती धरायच्या. सगळ्यात जलद ऊतीचा नायट्रोजनसाठीचा अर्धकाळ (निम्मी भरायला किंवा रिकामी व्हायला लागणारा वेळ) चार मिनिटांच्या आसपास, सगळ्यात मंद ऊतीचा ६३५ मिनिटं. हेलियम त्याहून बऱ्याच वेगानं आत येतो आणि बाहेर जातो. प्रत्येक ऊतीला त्या-त्या खोलीवर किती जादा दाब सोसवेल याची एक मर्यादा असते, तिला एम-व्हॅल्यू म्हणतात. एरिक बेकर यांनी त्यावर ग्रेडियंट फॅक्टर बसवले: त्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं, हे दोन आकड्यांत सांगायचं. ३०/७० म्हणजे पहिला स्टॉप ठरवताना तीस टक्के, पृष्ठभागावर येताना सत्तर टक्के, आणि मधल्या टप्प्यात तीसवरून सत्तरकडे सरकत जाणारी रेषा. पहिला आकडा जितका लहान, तितके स्टॉप खोलवर सुरू होतात. दुसरा जितका लहान, तितका शेवटचा स्टॉप लांबतो.

एकेकाळी आम्ही पहिला आकडा फार लहान ठेवायचो. खोल थांबलं की बुडबुडे वाढतच नाहीत, असा विश्वास होता, आणि बुडबुड्यांवर आधारलेली गणितंही तेच सुचवायची. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्रानं २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानं हा विश्वास हलवला. १७० फूट, म्हणजे सुमारे ५२ मीटर, तळाशी ३० मिनिटं, श्वासाला हवा, आणि दोन्ही गटांना एकूण डेको वेळ सारखाच, १७४ मिनिटं. फरक एवढाच की एका गटाचे थांबे खोलवर वाटलेले, दुसऱ्याचे उथळ. खोल थांब्यांच्या १९८ डायव्हजमध्ये डिकम्प्रेशन आजाराचे (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचे) १० रुग्ण निघाले, उथळ थांब्यांच्या १९२ मध्ये ३. खोलवर थांबताना जलद ऊती हलक्या होतात, पण मंद ऊती त्या वेळात भरतच राहतात, आणि त्याची फेड शेवटच्या मीटरांत करावी लागते. ती हवेवरची, नौदलाच्या परिस्थितीतली चाचणी होती. ती आपल्या ट्रायमिक्सच्या डायव्हला जशीच्या तशी लावता येणार नाही. तरी मी तेव्हापासून पहिला आकडा वाढवला. सध्या ५०/७० वर डायव्ह करतो. विद्यार्थ्यांना सांगतो की कोर्समध्ये जे आकडे ठरतील तेच दोन्ही कंप्युटरांत घाला, आणि का ठरले ते विचारल्याशिवाय घालू नका.

याचा खरेदीशी संबंध असा, की ज्याचं गणित उघड नाही आणि ज्याचे आकडे तुम्हाला बदलता येत नाहीत, असा कंप्युटर डेकोसाठी घेऊ नका. काही कंपन्या ब्यूलमनच्या गणितात स्वतःचे फेरफार करतात, किंवा वेगळंच गणित वापरतात आणि ‘सुरक्षितता एक, दोन, तीन’ अशा पायऱ्या देतात. हौशी डायव्हसाठी ते ठीक आहे. पण तुम्हाला आदल्या रात्री डायव्हची आखणी करायची आहे. आखणीच्या सॉफ्टवेअरमधला तक्ता आणि मनगटावरचा आकडा जुळायला हवा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेलं सबसर्फेस हे मुक्त सॉफ्टवेअर ब्यूलमन आणि ग्रेडियंट फॅक्टर वापरून आखणी करतं. त्यात ठरवलेला डायव्ह शिअरवॉटरच्या पर्डिक्स किंवा पेट्रेलवर, हाइनरिक्स वाइकँपच्या ओएसटीसीवर किंवा डाइव्हसॉफ्टच्या फ्रीडमवर तेच आकडे घालून केलात, तर एखाद-दोन मिनिटांपलीकडे तफावत सहसा येत नाही. आली तर काहीतरी सेटिंग चुकलंय, आणि ते तुम्हाला कोरड्या जमिनीवर कळतं. याच कारणासाठी मी मॉडेलपेक्षा गणिताला वजन देतो. ही नावं उदाहरणादाखल आहेत. त्याच प्रकारचे दुसरेही चांगले कंप्युटर आहेत.

दोन वेगळ्या गणितांचे कंप्युटर दोन मनगटांवर घालणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांना वाटतं, एक चुकला तर दुसरा पकडेल. प्रत्यक्षात एक म्हणतो चोवीस मीटरला थांब, दुसरा म्हणतो पंधराला. शेवटी एक मोकळा करतो आणि दुसरा अजून चौदा मिनिटं मागतो. कोण चुकलंय, की कुणीच चुकलेलं नाही, हे सहा मीटरवर लोंबकळत ठरवायचं? दोन्हींत तेच गणित, तेच ग्रेडियंट फॅक्टर आणि तीच गॅसची यादी ठेवा. मग तफावत दिसली, की ती बिघाडाची खूण ठरते. त्या डायव्हपुरतं जो जास्त वेळ मागेल त्याचं ऐका.

गॅसच्या यादीबद्दल जरा कठोर बोलतो, कारण मी सर्वांत जास्त चुका इथंच पाहिल्यात. डेकोचा कंप्युटर असं गृहीत धरतो की यादीत चालू असलेला प्रत्येक वायू तुमच्याकडे आहे आणि योग्य खोलीवर तुम्ही तो घेणारच. पन्नास टक्के ऑक्सिजनचं मिश्रण २१ मीटरवर, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरवर. एकदा माझ्या गटातल्या एकानं बोटीवरच ठरवलं की ऑक्सिजनचं सिलिंडर न्यायचं नाही, पन्नासवरच डेको पुरा करायचा. निर्णय बरोबर होता, गॅस पुरेसा होता. पण कंप्युटरच्या यादीत ऑक्सिजन तसाच राहिला. तळावर त्याचा कंप्युटर पृष्ठभागापर्यंतचा एकूण वेळ माझ्यापेक्षा दहा-बारा मिनिटं कमी दाखवत होता. मी आकडे शेजारी-शेजारी धरले म्हणून ते दिसलं. त्या वेळेच्या भरवशावर तो तळावर आणखी पाच मिनिटं थांबला असता, तर गॅसचा हिशेब वर येताना बिघडला असता. म्हणून यंत्र घेताना पाण्याखाली गॅस यादीतून काढायला किती बटणं दाबावी लागतात, ते दुकानातच करून बघा. तीन-चारपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील, तर थंडीत, ताणाखाली ते जमणार नाही. आणि हेही बघा की कंप्युटर गॅस आपोआप बदलत तर नाही ना. बदल तुम्ही करायचा, सिलिंडरवरची खोली वाचून, रेग्युलेटरचा होज हातानं मागे शोधून, बडीनं मान डोलावल्यावर. कंप्युटरला ते नंतर सांगायचं.

पडद्यावर काय दिसावं, याबद्दल माझी आवड ठरलेली आहे. खोली, वेळ, पुढचा स्टॉप आणि पृष्ठभागापर्यंतचा एकूण वेळ हे एका नजरेत, मोठ्या अक्षरांत. त्याशिवाय दोन आकडे मला फार उपयोगी वाटतात. पहिला: आणखी पाच मिनिटं इथंच थांबलो, तर एकूण वेळ किती होईल. तळावर निर्णय घेताना यासारखं दुसरं काही नाही. दुसरा: आत्ता थेट पृष्ठभागावर गेलो, तर ग्रेडियंट फॅक्टर किती टक्के असेल. हवामान बिघडलं, कुणी आजारी पडलं, गॅस संपत आला, की डेको किती सोडणं कितपत धोक्याचं हे त्यावरून अंदाजता येतं. शंभरच्या वरचा आकडा म्हणजे एम-व्हॅल्यूच ओलांडली. पण शंभरच्या खाली आलो म्हणून डेको मोडायला परवानगी मिळाली, असा त्याचा अर्थ कुणी लावू नये.

बॅटरीबाबत माझं मत डायव्हच्या ठिकाणावर ठरतं. जिथं चार्जिंगची खात्री नाही, तिथं साधी, कुठंही मिळणारी बॅटरी स्वतः बदलता येणारा कंप्युटर घ्या. आतून चार्ज होणारा, घड्याळाच्या आकाराचा कंप्युटर छान दिसतो आणि दुसरा म्हणून उत्तम असतो, पण रात्री चार्ज करायचा राहिला, तर सकाळी डायव्ह रद्द. बॅटरी बदलल्यावर शरीरातल्या वायूचा हिशेब टिकतो की पुसला जातो, हे विक्रेत्याला विचारा. पुसला जात असेल, तर आठवडाभराच्या दौऱ्यात तो कंप्युटर मधल्याच दिवशी कोरा होऊ शकतो. दौऱ्याच्या पहिल्या डायव्हला नवी बॅटरी घालायची आणि अर्धी झाली की बाहेर काढायची, ही सवय मला त्या काळ्या काचेनं लावली.

बटणं तुमच्या सर्वांत जाड हातमोज्यांनी दाबून पाहा. पट्टा सोडून दुहेरी इलॅस्टिक दोरी बांधा, दोन स्वतंत्र गाठींनी, म्हणजे एक तुटली तरी यंत्र मनगटावरच राहील. ड्रायसूटची (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाची) बाही खोलवर दबते आणि वर येताना फुगते. ताठ पट्टा खाली सैल होतो, वर काचतो. इलॅस्टिक सोबत हलतं.

सिलिंडरचा दाब कंप्युटरवर दाखवणारे ट्रान्समीटर सोयीचे आहेत, पण दाबमापकाचा काटा काढून टाकू नका. रिब्रीदरकडे (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या यंत्राकडे) जायचा विचार पक्का असेल, तर त्यातल्या ऑक्सिजन मोजणाऱ्या सेलची केबल जोडता येणारा प्रकार आत्ताच विचारात घ्या. नसेल, तर त्यासाठी आत्ता पैसे अडकवू नका.

एक बारकावा, ज्यावरून बोटीवर वाद होतात. एकाचा कंप्युटर ५० मीटर दाखवतो, दुसऱ्याचा ५१.५. कुणाचा खराब? बहुधा कुणाचाच नाही. यंत्र मोजतं ते दाब. मीटर हे त्याचं भाषांतर आहे, आणि भाषांतर पाण्याची घनता किती धरली यावर ठरतं. गोडं पाणी घनमीटरला १००० किलो, खारं सुमारे १०३०, आणि ईएन १३३१९ या युरोपीय मानकात त्यांच्या मधला, १०२० च्या जवळचा आकडा. गोडं आणि खारं यांत तीन टक्क्यांचा फरक, म्हणून पन्नास मीटरवर दीड मीटर. डेकोचं गणित दाबावर चालतं, त्याला यानं बाधा येत नाही. पण दोघांनी मिळून सहा मीटरवर थांबायचं असेल, तर सेटिंग एकच ठेवा.

आता तुमच्या जुन्या कंप्युटरकडे येतो. त्यात गेज मोड असेल, तर तोच तुमचा बॉटम टायमर, वेगळा घ्यायची गरज नाही. त्या मोडमध्ये तो खोली आणि वेळ दाखवेल, डेकोचं काही बोलणार नाही. मात्र माहितीपुस्तिका नीट वाचा: गेजमध्ये एक डायव्ह केला, की बरेच कंप्युटर पुढचा एखादा दिवस, काही त्याहून जास्त, नेहमीच्या मोडमध्ये गणित करायला नकार देतात, कारण त्या डायव्हमध्ये तुमच्या शरीरात किती वायू गेला हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणजे शनिवारी गेजवर टेक्निकल डायव्ह आणि रविवारी त्याच यंत्रावर नायट्रॉक्सचा उथळ डायव्ह, असा बेत जमणार नाही. गेज मोड नसेल, तर तो डेकोच्या डायव्हवर दुसरा म्हणून घालू नका. तो मध्येच कुलूप लावेल, बीपच्या आवाजानं तुमचं आणि बडीचं लक्ष खाईल, आणि नेमक्या त्या वेळी तुम्हाला वही वाचायची असेल.

नवा कंप्युटर कोर्सच्या आदल्या दिवशी हातात घेऊ नका. दोन महिने आहेत. त्या वेळात तो तुमच्या नेहमीच्या उथळ, डेको नसलेल्या डायव्हजवर घाला. यादीत खोटी गॅस घालू नका, फक्त पडदा, बटणं आणि मेनू हाताला बसवा. मोजे घालून, डोळे मिटून मेनूतून गॅसच्या यादीपर्यंत जाता आलं, की कोर्सच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षकाचं बोलणं ऐकायला डोकं मोकळं राहील.